सुई, दोरा आणि प्रवाळ

१८४६ सालच्या शरद ऋतूत, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावात, ॲना थिन सुई-दोरा घेऊन बसल्या होत्या. एका मोठ्या स्पंजाला त्या जिवंत प्रवाळ टाचत होत्या. हे प्रवाळ त्यांना लंडनला न्यायचे होते. दगडी बरणीत सुटे सोडले असते तर वाटेतल्या हिंदकळ्यांनी एकमेकांवर आपटून फुटले असते. स्पंजाला टाचले की जागचे हलत नाहीत आणि चहूबाजूंनी पाणीही लागतं. नव्या प्रवाळाला घट्ट बूड आणि खेळतं पाणी, या दोन गोष्टी आधी द्याव्या लागतात. आज घरी प्रवाळ पाळणाऱ्या प्रत्येकाला शिकवलं जाणारं हे सूत्र त्या बाईंना तेव्हाच उमगलं होतं.

लंडनमधलं त्यांचं घर वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आवारात होतं. समुद्र लांब, आणि बरोबर आणलेलं पाणी मोजकं. सुरुवातीला दिवसाआड पाणी बदललं जाई. ताजं पाणी संपत आलं तेव्हा थिनबाईंनी वापरलेल्याच पाण्यात पुन्हा हवा भरायचं ठरवलं. उघड्या खिडकीसमोर उभं राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचं, परत पहिल्यात, असं अर्धा-पाऊण तास. हात भरून आणणारं हे काम घरातली एक लहान मोलकरीण करायची. थिनबाईंनी तिचा उल्लेख आवर्जून केला, नाव मात्र दिलं नाही. त्या प्रवाळांचा श्वास काही महिने तिच्या मनगटांवर चालला होता, त्यामुळे या इतिहासात तिची जागा थिनबाईंच्या शेजारची आहे.

१८४७च्या वसंतात पाण्यात समुद्री शेवाळ आलं. उजेडात शेवाळ प्राणवायू सोडतं, त्यामुळे पाणी टिकू लागलं आणि प्रवाळ वाढू लागले, त्यांना पिल्लंही झाली. थिनबाईंच्या या नोंदी १८५९ साली छापून आल्या, पण तोवर इंग्लंडमध्ये लाट येऊन गेली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, १८५४ साली फिलिप गॉस यांचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं, आणि दिवाणखान्यात काचेची टाकी ठेवण्याचं वेडच लागलं.

थिनबाईंच्या यशामागे एक गोष्ट होती, जी त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. त्यांचा प्रवाळ थंड पाण्यातला होता. वाटीसारखा, एकेकटा राहणारा आणि आयत्या भक्ष्यावर जगणारा. त्याला उन्हाची गरज नसते. उष्ण समुद्रातल्या प्रवाळभित्ती बांधणाऱ्या जातींचं तसं नाही. त्यांच्या अंगात एकपेशीय शैवालं राहतात. ती उन्हावर साखर बनवतात आणि यजमानाला पोसतात. १९२८-२९ साली मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांची तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर लो आइल्स या चिमुकल्या बेटावर वर्षभर राहिली. प्रवाळ अंधाऱ्या पेटीत ठेवले, तर ते आपल्या अंगातली शैवालं बाहेर टाकतात, हे तिथे दिसलं. मागे उरतो तो पांढराफटक सांगाडा आणि त्यावर काचेसारखी पातळ कातडी.

मग उष्ण समुद्रातला प्रवाळ घरात जगवायचा तर ऊन घरात आणायला हवं. जकार्ताच्या ली चिन एंग यांना ते आयतं मिळालं. १९६१ साली त्यांनी ‘ट्रॉपिकल फिश हॉबिस्ट’ या अमेरिकी मासिकात आपली रीत लिहिली. समुद्रातून जीवजंतूंसकट आणलेले खडक, खरंखुरं समुद्राचं पाणी, विषुववृत्ताजवळचं ऊन आणि हवेचे बुडबुडे, बस्स. बाकी काम खडकातले जिवाणू करत. रीत अचूक होती, पण उत्तर युरोपच्या हिवाळ्यात ते ऊन आणायचं कुठून?

उत्तर जर्मनीतून आलं. पुढच्या दोन दशकांत तिथल्या हौशी लोकांनी तीव्र प्रकाशाचे मेटल हॅलाइड दिवे टाकीवर टांगले, फेसाबरोबर घाण उपसणारं यंत्र जोडलं आणि जिवंत खडक ठेवले. हीच पुढे ‘बर्लिन पद्धत’ म्हणून ओळखली गेली. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, तेव्हा कॅल्शियम सतत हवं. त्यासाठी पीटर विल्केन्स यांनी टाकीत थेंबथेंब सोडली ती चुन्याची निवळी. आपल्याकडे पानाच्या डब्यात आणि घराच्या भिंतीवर असतो, तोच चुना. बर्लिनच्याच डिट्रिख श्ट्यूबर यांच्या टाकीत अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची एक वसाहत अशी काही फोफावली की तिचे तुकडे हातोहात जगभर गेले, आणि आजही ती त्यांच्या नावानं ओळखली जाते. वादळात मोडलेली फांदी समुद्रतळावर नव्यानं रुजते, हा निसर्गाचा शिरस्ताच टाकीत चालू राहिला.

दिव्यांनी एक नवं संकटही आणलं. खोल पाण्यातून आलेला किंवा दोन दिवस पिशवीच्या काळोखात प्रवास केलेला प्रवाळ थेट झगझगाटाखाली ठेवला की त्याच्यातली शैवालं गरजेपेक्षा जास्त प्राणवायू तयार करतात, आणि तोच ऊतींना जाळतो. म्हणून आजचा पाळणारा घाई करत नाही. पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीवर तरंगत ठेवतो, म्हणजे तापमान जुळतं. मग प्रवाळ बादलीत ठेवून तिच्यात टाकीतलं पाणी थेंबथेंब सोडतो. त्यासाठी पातळ नळीला एक सैल गाठ मारतात. गाठ आवळत नेली की धारेचा थेंब होतो. तासाभरात बादलीतला खारेपणा टाकीइतका, लिटरला साधारण ३५ ग्रॅम होतो. पुढे आयोडीनच्या पाण्यात एक बुचकळी. तेव्हा फांद्यांना चिकटून आलेले चपटे किडे निखळून तळाशी पडलेले दिसतात. शेवटी सुपरग्लूच्या जेलनं प्रवाळ खडकावर बसवायचा, तोही तळाशी, मंद उजेडात. वर न्यायचा तो काही आठवड्यांत, टप्प्याटप्प्यानं.

मराठी माणसाला पोवळं म्हटलं की अंगठीतला लाल खडा आठवतो. तो भूमध्य समुद्रातून येणारा वेगळाच प्रवाळ. भित्ती बांधणारे आपल्या किनाऱ्यावरही आहेत, मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, आणि दूर समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाच्या आंग्रिया बँकवर. २००१ साली भारतानं असे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. त्यांना तिथून उचलणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे.

मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेत वरळी आणि हाजी अलीचे प्रवाळ आले, तेव्हा ते हलवायला वन विभागाची परवानगी लागली. २०२० साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली १८ वसाहती तिथून काढून दुसऱ्या खडकाळ जागी नेण्यात आल्या. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून, उन्हात कोरड्या पडू न देता. नव्या जागी त्या रुजतात की नाही, हे पाहायला शास्त्रज्ञ ओहोटीच्या वेळी पुन्हा पुन्हा त्या खडकांपाशी जात राहिले.