शनि

सूर्यापासूनच्या अंतरानुक्रमे सहावा आणि आकारमानाने गुरूच्या खालोखाल असलेला, ठळक वलयांनी वेढलेला वायुमय ग्रह.

सुमारे 460 कोटी वर्षांपूर्वी सूर्याभोवतीच्या वायू व धूलिकणांच्या चकतीतून इतर ग्रहांसमवेत त्याची उत्पत्ती झाली, असे मानतात (पहा : सूर्यकुल). सूर्यापासून सरासरी 143 कोटी किमी. अंतरावरून तो सुमारे साडेएकोणतीस वर्षांत एक प्रदक्षिणा पुरी करतो, स्वतःभोवती मात्र साडेदहा तासांतच फिरत असल्यामुळे त्याचा विषुववृत्तीय व्यास (1,20,536 किमी.) ध्रुवीय व्यासाहून सुमारे एकदशांशाने अधिक भरतो. हायड्रोजन व हीलियम हे त्याचे मुख्य घटक असून, पाण्याहून कमी सरासरी घनता असलेला सूर्यकुलातील हा एकमेव ग्रह होय.

गॅलिलीओला 1610 मध्ये दुर्बिणीतून ग्रहाच्या दोन्ही अंगांस जे पिंडवत् दिसले, ते ग्रहास कोठेही न स्पर्शणारे सपाट वलय असल्याचे हायगेन्झने 1659 मध्ये प्रसिद्ध केले. कासीनीने 1675 मध्ये त्यातील फट नोंदविली. आणि अखंड घन वलय टिकणे अशक्य असून ते असंख्य सुट्या कणांचेच असले पाहिजे, हे मॅक्सवेलने 1859 मध्ये केवळ गणिताच्या बळावर सिद्ध केले, त्यास कीलरच्या वर्णपटीय वेधांनी 1895 मध्ये पुष्टी मिळाली. हे कण बहुतांशी बर्फाचे आहेत.

उपग्रहांपैकी टायटन (शोध 1655) सर्वांत मोठा असून त्यास नायट्रोजनप्रधान दाट वातावरण आहे (पहा : उपग्रह). दुर्बिणीपूर्व काळी ज्ञात असलेल्या ग्रहांत शनि सर्वांत दूरचा असल्याने, 1781 मध्ये प्रजापतीचा शोध लागेपर्यंत ग्रहमालेची सरहद्द त्याच्याच कक्षेपाशी मानली जाई (पहा : प्रजापती).