चतुरांचे दफ्तर

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि तहांची कलमे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. मीही एम. ए. होऊन वर्गात बरीच वर्षे तेच शिकवीत आलो. पण तळ्याकाठी भिरभिरणाऱ्या चतुरालाही दफ्तर असते आणि ते आपल्या सीमाभागाच्या इतिहासाशी जोडलेले आहे, हे वाचकांना सांगावेसे वाटते.

तेलुगू शेजारी ज्याला तूनीग म्हणतात, त्यात आपण मराठी माणसे दोन भेद करतो. बसताना पंख पसरून ठेवतो तो चतुर. बहुधा पंख मिटून बसते ती सुईसारखी टाचणी. दोघांचेही बालपण पाण्यात जाते. त्यामुळे पाणी बिघडले की त्यांच्या जाती बदलतात, कमी होतात. हुसेनसागर सोळाव्या शतकातला. १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले. अशा तळ्यांच्या शहरात चतुरांची नोंद म्हणजे पाण्याचीच बखर.

या किड्यांचा मोठा ग्रंथ लिहिला तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर फ्रेझर यांनी. त्याचे तीन खंड १९३३, १९३४ आणि १९३६ साली लंडनहून निघाले. त्या काळी आपल्याकडच्या शाळामास्तराला ते कुठून मिळणार? आज तेच खंड इंटरनेट आर्काइव्हवर कोणालाही फुकट वाचता येतात.

जुन्या नोंदींत मात्र एक पेच असतो. कीटकाच्या चिठ्ठीवर नुसते ‘हैदराबाद संस्थान’ लिहिले असेल, तर ते ठिकाण आज कोणत्या राज्यात? १ नोव्हेंबर १९५६ ला संस्थानाची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बिदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूरकडे, तेलंगण आंध्रकडे. माणसांच्या सरहद्दी अशा हलतात. अक्षांश-रेखांश हलत नाहीत. म्हणून नव्या नोंदीत जातीचे शास्त्रीय नाव, तारीख आणि अक्षांश-रेखांश मागतात.

अशा नोंदी जगाला खुल्या करण्यासाठी २००१ साली जीबीआयएफ ही आंतरराष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली. तिचे कार्यालय कोपनहेगनला आहे. जातीचे नाव आणि प्रदेश निवडला की नकाशावर ठिपके उमटतात. विनाशुल्क नाव नोंदवले की सारा तक्ता उतरवून घेता येतो. वापरताना मूळ नोंदकर्त्यांचे श्रेय द्यावे, हा शिष्टाचार. २०१२ च्या ऑक्टोबरात जैवविविधता कराराची अकरावी परिषद हैदराबादेतच भरली होती. १९९२ च्या त्या कराराचे सतरावे कलम माहितीच्या देवाणघेवाणीचेच आहे. म्हणजे इथेही तह आणि कलमे आहेतच!

अशा नोंदींतून काय निष्पन्न होते? पँटाला फ्लेव्हेसेन्स हा पिवळसर चतुर पावसाळ्यात आपल्या शेतांवर थव्यांनी दिसतो. मालदीवमध्ये गोडे पाणी फारसे नाही, तरी ऑक्टोबरपासून तो तिथे उतरतो. चार्ल्स अँडरसन यांनी वर्षानुवर्षांच्या तारखा जुळवून २००९ साली मांडले, की हे चतुर भारतावरून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत. एवढा मोठा निष्कर्ष, आणि त्याचा पाया साध्या तारखांचा!

मात्र नकाशावरची कोरी जागा पाहून ‘तिथे चतुर नाहीत’ असे समजू नये. बहुधा तिथे कोणी पाहिलेलेच नसते. मोठ्या शहरांभोवती ठिपके दाटतात, कारण तिथे पाहणारे जास्त. आपल्या सीमेवरच्या गावतळ्यांना हे भाग्य क्वचितच लाभते. तळे बुजले, त्यावर प्लॉट पडले, तर तिथे काय होते याचा पुरावा कोण देणार? इतिहासात कागद नसलेल्याचा दावा टिकत नाही.

घरातल्या मुलाच्या हाती मोबाईल आहेच. सुट्टीत त्याने गावतळ्यावरच्या चतुराचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे, तारीख आणि ठिकाणासह आयनॅचरॅलिस्टवर ठेवावे. जाणकारांनी ओळख पक्की केली आणि परवाना खुला ठेवला, की ती नोंद जीबीआयएफच्या दफ्तरात पोहोचते. आजी चतुर म्हणो वा शेजारीण तूनीग, तिथे तळ्याच्या नावावर एक ठिपका जमा होतो.