हिरव्या शाईची निवड

पाठभेद टिपतांना मूळ नक्कल काळ्या शाईनें, एका प्रतीचे भेद तांबड्या शाईनें आणि दुसरीचे हिरव्या शाईनें नोंदण्याची सोय संशोधकांस परिचित आहे. आम्हींहि एका बखरीच्या नकलेंत तसेंच केलें होतें. तीस वर्षांनीं ती वही उघडून पाहतां तांबडे भेद ठसठशीत, हिरवे मात्र फिकट पिवळसर डाग होऊन बसलेले आढळले. आणि ज्या प्रतीवरून ते घेतले, ती प्रत आतां उपलब्ध नाहीं. दोष सर्वस्वीं आमचा. दुकानांत जी शाई डोळ्यांस सुंदर दिसली तीच आम्हीं घेतली होती.

जुन्या लेखकांपुढेंहि हिरव्या रंगाची अडचण होतीच. काजळाची शाई उन्हास भीत नाहीं, हिंगुळहि टिकतो. हिरवा मात्र बहुधा दोन वाटांनीं सिद्ध होई. एक, हरताळ व नीळ यांच्या मिश्रणानें. चुकलेलीं अक्षरें झांकण्यासाठीं पोथीवर फासतात तोच हा हरताळ. दुसरी वाट जंगालाची, म्हणजे तांब्यावर आंबट द्रव्याची क्रिया होऊन जमणाऱ्या हिरव्या क्षाराची. जंगाल कागदास खातो. चौकटीच्या हिरव्या रेघेवर पान कातरल्यासारखें तुटून मधला मजकूर सुटा पडलेल्या पोथ्या संग्राहकांनीं पाहिल्या असतील. इराणी कारागीर जंगालांत केशर मिसळीत; त्यानें ही झीज मंदावते.

फाउंटनपेनाच्या शाईंत जंगाल नसतो, विद्राव्य रंग असतो. १८७७ सालीं ऑटो फिशर यानें सिद्ध केलेल्या ‘मॅलेकाइट ग्रीन’मध्यें नांवापुरतेंहि तांबें नाहीं, मॅलेकाइट खनिजाशीं त्याचें साम्य केवळ रंगापुरतें. कागद वांचला, पण अक्षर उन्हाच्या व ओलीच्या स्वाधीन झालें. मुंबईंत दांडेकर बंधूंनीं १९३१ सालीं शाईच्या पुड्या व गोळ्यांचा कारखाना काढल्यावर रंगीत शाई घरोघर सुलभ झाली, तरी ‘लिहितां येते’ आणि ‘टिकते’ यांतील अंतर ग्राहक क्वचितच विचारी.

अलीकडे आम्हीं चार हिरव्या शाया खळ देऊन घोटलेल्या हातकागदावर ताडून पाहिल्या. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग पुस्तकांत, अर्धा दक्षिणेच्या खिडकींत, असे चार महिने ठेविले. तीन शाया विद्राव्य रंगाच्या होत्या. पोपटी सर्वांत आधीं उडाली. गर्द हिरवी टिकल्यासारखी दिसली, परंतु पाण्याचा थेंब पडतांच तिचे घटक विलग होऊन निळी-पिवळी किनार उमटली. ज्या पुण्यानें १९६१ चा पानशेतचा पूर पाहिला, तेथें ही परीक्षा अनाठायी म्हणतां येणार नाहीं. चौथी रंगकणांची. ती ना उडाली, ना पसरली. आधुनिक रंगकणांपैकीं थॅलोसायनिन हिरव्यांतहि तांबें असतेंच, पण तें रेणूंत जखडलेलें असल्यामुळें जंगालाप्रमाणें कागदास बाधत नाहीं. अशी शाई पेनांत वाळूं दिल्यास नळी तुंबते; पेन वरचेवर धुवावें लागतें. आम्ही तेवढा त्रास पतकरला आहे.

तथापि ही निवड नकलेपुरतीच. मूळ कागदावर खूण करणें अटळच असेल तर ती मऊ शिसपेन्सिलीनेंच करावी. आणि नकलेंतहि रंगावर सर्व भिस्त न ठेवतां प्रत्येक भेदापुढें त्या प्रतीचें संकेताक्षर लिहावें. आमच्या वहींत तें असतें, तर निदान कोणता भेद गेला एवढें तरी सांगतां आलें असतें.