दिवाळी ते मृग, मुक्काम पोस्ट पाल: माणदेशातल्या मेंढपाळांचा वाडा चालतो कसा?

दिवाळी झाली की म्हसवडच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर बऱ्याच धनगर घरांना कुलूप लागतं. एखादी म्हातारी आणि शाळेतली पोरं मागे राहतात. बाकी सगळं घर रस्त्याला लागतं: नवरा-बायको, भाऊ-भावजय, तान्ही लेकरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि शे-दोनशे मेंढरं. परत यायचं ते जूनच्या तोंडावर. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो, तोवर अनेक जण घाटाच्या दिशेने बरंच अंतर कापून गेलेले असतात.

महामार्गावर गाडी अडवून उभा असलेला मेंढरांचा कळप आपल्यापैकी अनेकांनी मोबाईलमध्ये टिपलाय. पण तो कळप कुठून आला, कुठे चाललाय आणि रात्री कुणाच्या शेतात थांबणार, हे व्हिडिओत दिसत नाही.

आधी मुळात जायचं कशाला? सह्याद्रीच्या रांगेवर पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडे येईपर्यंत ढग रिकामे होतात. माण तालुक्यात वर्षाला साधारण 500 मिलिमीटर पाऊस, तर घाट उतरून चिपळूणला गेलं की 3,000 च्या वर. माण, आटपाडी, जत हा सगळा सातारा-सांगलीचा दुष्काळी पट्टा. पावसाळ्यात माळावर उगवलेलं गवत दिवाळीपर्यंत कसंबसं पुरतं. मग चाऱ्याच्या मागे जायचं. उलट पावसाळ्यात कोकणात थांबता येत नाही, कारण सततच्या चिखलात मेंढरांचे खूर कुजतात आणि रोग पसरतात. म्हणजे ही भटकंती हौसेची नाही, पावसाच्या वेळापत्रकाची आहे.

एकटं कुटुंब सहसा निघत नाही. चार-सहा बिऱ्हाडं, बहुतेक भाऊबंद किंवा सोयरे, एकत्र निघतात. या फिरत्या मुक्कामाला ‘वाडा’ म्हणतात. (पेशव्यांच्या वाड्याशी याचा काही संबंध नाही, इथे भिंतच नसते.) ज्याला वाटा, पाणवठे आणि शेतकऱ्यांच्या ओळखी जास्त, त्याच्या शब्दावर वाडा हलतो. तो किंवा दुसरा कुणी जाणता पुढे जाऊन रान पाहून येतो, शेतमालकाशी बोलतो आणि मग बाकीचे निघतात.

सकाळी बाप्ये मेंढरं घेऊन चरत-चरत निघतात. बायका पाल उतरवतात, भांडी, धान्य, अंथरुणं घोड्यांवर लादतात. नुकती जन्मलेली कोकरं आणि लहान पोरं यांचीही जागा घोड्यावरच. दुसऱ्या, जवळच्या वाटेने पुढच्या मुक्कामाला पोचून पाल उभं करायचं, पाणी शोधायचं, तीन दगडांची चूल मांडायची. संध्याकाळी कळप आला की कोकरांना आयांना पाजायला सोडायचं, दूध काढायचं. रात्री मेंढरांभोवती जाळीचं कुंपण लावतात, त्याला वाघर म्हणतात. लांडगा आणि चोर या दोघांच्या भीतीने कुणीतरी जागं असतंच. खरं तर बायकांच्या कामाशिवाय वाडा एक मुक्कामही पुढे जाणार नाही, पण मेंढपाळ म्हटलं की चित्र येतं ते घोंगडी-काठीवाल्या बाप्याचंच.

हा सगळा प्रवास एका व्यवहारावर उभा आहे. पीक निघालेल्या शेतात धाटं, पालापाचोळा, तण उरतं. ते मेंढरांना लागतं. मेंढरं रात्रभर बसली की लेंडी आणि मूत थेट जमिनीत जातं. ते शेतकऱ्याला लागतं. याला ‘शेतात मेंढरं बसवणं’ म्हणतात. कोकणात भातकापणीनंतर मोकळ्या खाचरांत हेच चालतं. शेतकरी बदल्यात पूर्वी धान्य द्यायचे, आता कुठे धान्य, कुठे रोख. हा व्यवहार बहुतेक तोंडी. त्याच शेतावर बापानेही मेंढरं बसवली होती, ही ओळखच करार असते.

आणि तिथेच आता अडतंय. पाटाचं पाणी आलं की शेत एका पिकानंतर रिकामं राहत नाही. ऊस, द्राक्ष, डाळिंब यांत मेंढरू कुणी येऊ देत नाही. कोकणात बागांना कुंपणं आली. गायरानं आक्रसली. वनखात्याच्या हद्दीत शिरलं तर दंड. राहिला रस्ता, तर तिथे भरधाव गाड्या.

इथे ऑस्ट्रेलियाचा दाखला लक्षात घेण्यासारखा आहे. तिथल्या दुर्गम भागातही कळप हाकत शेकडो किलोमीटर जाण्याची जुनी रीत आहे. पण न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडमध्ये त्यासाठी सरकारी जमिनीचे रुंद पट्टे राखून ठेवलेत. परवाना काढायचा आणि रोज किमान ठराविक अंतर पुढे सरकायचं. दुष्काळात हेच पट्टे जनावरांचा आधार ठरतात. माणदेशाचेच लेखक व्यंकटेश माडगूळकर ऑस्ट्रेलियाला जाऊन आले होते. ‘पांढरी मेंढरे, हिरवी कुरणे’ हे त्यांचं त्यावरचं पुस्तक. त्यांच्याच ‘बनगरवाडी’त मात्र दुष्काळाने गावच ओस पडतं.

आपल्याकडे मेंढरांसाठी असे राखीव रस्ते नाहीत. 2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य केलाय, पण तो हक्क मिळवायचा तर ग्रामसभेपुढे दावा मांडायचा, पुरावे जोडायचे. वर्षातले सात-आठ महिने पालात राहणाऱ्याला हे किती अवघड जातं, ते सांगायला नको.

पैशाचं गणितही बदललंय. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, घोंगडीला उत्तम. घोंगडीची मागणी घटली तशी लोकरीला किंमत राहिली नाही. आता मुख्य कमाई नर कोकरं विकून. औषधं आणि लसी यांचा खर्च त्यातूनच.

सगळ्यात नाजूक प्रश्न पोरांचा. मागे ठेवावं तर सांभाळायला कुणी नाही, सोबत न्यावं तर शाळा सुटते. स्थलांतरित मुलांना वाटेतल्या शाळेत बसता यावं म्हणून राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे. पण ऊसतोड टोळी हंगामभर एका कारखान्याच्या परिसरात असते, वाडा दर दोन-चार दिवसांनी शेत बदलतो. त्यामुळे अनेक घरांत एक भाऊ वाड्यासोबत आणि दुसरा गावी पोरांजवळ, अशी वाटणी झालीय. काहींनी कळप विकून पुण्या-मुंबईत हमालीची, गलाईची वाट धरलीय.

मे संपता संपता वाडे घाट चढून परत फिरतात. मृगाच्या पावसाआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्यायची असते, आणि माळावर पहिलं गवत फुटेपर्यंत कळप कसा जगवायचा याची चिंता असतेच. पाऊस लांबला, तर गावी पोचलेला वाडा पुन्हा बाहेर पडतो.