उमेदवार : एका शब्दाचा दफ्तरी इतिहास

नोकरी शोधणाऱ्याला स्वतःची किंमत पटवून देता आली पाहिजे, हा उपदेश अलीकडच्या व्यवस्थापनशास्त्राची देणगी मानला जातो. तो त्याहून बराच जुना आहे. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. त्यावरून आलेला 'उमेदवार' आज अर्जदाराला किंवा निवडणुकीस उभे राहणाऱ्याला म्हणतात. परंतु एकोणिसाव्या शतकातील कचेऱ्यांत उमेदवार म्हणजे पगाराविना काम करीत एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा तरुण.

रायपुरापुरते पाहिले तरी असा माणूस का लागे, हे कळते. छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. 1818 नंतर इंग्रज अधिकारी अॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले. 1830 मध्ये प्रदेश पुन्हा भोसल्यांकडे गेला आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. राज्यकर्ते बदलले तरी वसुलीचे हिशेब थांबत नाहीत, आणि जुने कागद वाचू शकणारा कारकून नव्या धन्यालाही हवाच असतो.

हा माणूस स्वतःला कसा दाखवी? वळणदार अक्षराने, चोख ताळेबंदाने आणि वेळेवर हजर राहून. अक्षराचे महत्त्व समर्थांनाही ठाऊक होते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. (त्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद करणाऱ्या माधवराव सप्रे यांचे शिक्षण बिलासपूर-रायपुरास झाले होते, हा योग मला फार आवडतो.) उमेदवाराचे काम वर्षानुवर्षे वरिष्ठांच्या डोळ्यांसमोर असे, त्यामुळे तोंडाने गुण सांगण्याची गरज थोडी.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा संकेत झाला. मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये दाखवून दिले की, मालकाला उमेदवाराची कुवत आधी कळत नाही. म्हणून कुवत नसलेल्याला परवडणार नाही असा महागडा संकेतच विश्वासार्ह ठरतो. या मांडणीतील विचारांसाठी त्यांना 2001 चे नोबेल विभागून मिळाले. पण उमेदवारीच्या बाबतीत संकेत महाग होता तो कुवतीमुळे नव्हे, तर पोटामुळे. बिनपगारी दिवस काढायचे तर शहरात जेवूखाऊ घालणारा नातलग हवा, आणि तो नातलग त्याच कचेरीत असेल तर दुधात साखर. वशिला हा या पद्धतीचा बिघाड नव्हता. तो तिचा पायाच होता.

पुढे पदवीने उमेदवारीची जागा घेतली. गरीब घरातल्या सप्र्यांना बी. ए. झाल्यावर तहसीलदारी चालून आली. ती नाकारून त्यांनी पेंड्र्याच्या राजकुमाराची शिकवणी धरली आणि 1900 च्या जानेवारीत 'छत्तीसगढ मित्र' काढले. वरच्या नोकऱ्यांत 1855 पासून लंडनला स्पर्धा परीक्षा सुरू झाल्या होत्या. केंद्राच्या कनिष्ठ पदांसाठी मात्र स्वतंत्र आयोग येण्यास 1975 उजाडले. तोच 1977 पासून कर्मचारी निवड आयोग म्हणून ओळखला जातो.

परीक्षेच्या जोडीला मुलाखत राहिलीच. तीत बोलण्याची ढब, पोशाख आणि आत्मविश्वास यांना किंमत येते, आणि या गोष्टी घरातून मिळतात. म्हणून 1 जानेवारी 2016 पासून केंद्राने गट क आणि गट ब (अराजपत्रित) पदांच्या मुलाखती बंद केल्या, हा निर्णय मला योग्य वाटतो. वरच्या सेवांत 2025 पैकी 275 गुण अजून मुलाखतीचे आहेत. प्रशासकाला माणसांशी बोलावेच लागते, तेव्हा तेही समजण्यासारखे आहे.

खासगी क्षेत्रात मात्र बिनपगारी उमेदवारी 'इंटर्नशिप' या नावाने परत आली आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने विद्यावेतन बंधनकारक केले. पण त्या कायद्याखाली नोंदच न झालेल्या तरुणाला त्याचा उपयोग नाही. रायपुराबाहेरच्या खेड्यातील मुलाने सहा महिने दिल्लीत फुकट काम करून आपली लायकी सिद्ध करायची, तर त्याच्या खोलीचे भाडे कोणी भरायचे, याचा जमाखर्च कोणत्याच दफ्तरात लिहिला जात नाही.