५० वॉटचा ॲम्प आणि आठ पेन्सिल सेल : बॅटरीवरचे छोटे गिटार ॲम्प नेमके चालतात कसे?

'स्टार वॉर्स' बघितला असेल, तर अंतराळयानांचे ते पाठलाग आठवत असतील. १९७७ च्या त्या सिनेमातल्या व्हिज्युअल इफेक्ट्ससाठी ज्या टीमला ऑस्कर मिळालं, त्यात रिचर्ड एडलंड होता. या एडलंडच्या नावावर आणखी एक वस्तू जमा आहे, आणि तिचा सिनेमाशी काडीचा संबंध नाही. वेन किम्बेल नावाच्या साथीदाराबरोबर त्याने एक लाकडी डबा बनवला होता. डब्यावर एकच बटण, आणि त्या बटणाचा आकार हुबेहूब डुकराच्या नाकासारखा. म्हणून नाव पडलं पिगनोज.

१९७३ साली बाजारात आलेला हा डबा म्हणजे बॅटरीवर चालणारा गिटार ॲम्प्लिफायर. आत पाच इंची स्पीकर, सहा पेन्सिल सेल आणि कागदावर पाच वॉटची ताकद. डबा बिजागरीवर उघडायचा आणि जितका उघडाल तसा आवाज बदलायचा. बॅटरीवरचा हा पहिलाच ॲम्प नव्हता, पण लोकांच्या लक्षात राहिला तो हाच. हॉटेलच्या खोलीत, गाडीत, स्टेजच्या मागे वाजवायला म्हणून केलेला हा डबा मोठमोठ्या वादकांनी थेट स्टुडिओत नेला, कारण आवाज वाढवला की तो मस्त फाटायचा. रॉकवाल्यांना तर तेच पाहिजे होतं.

आज पन्नासेक वर्षांनी असे डबे डझनावारी मिळतात. तळहातावर मावणाऱ्या एक वॉटपासून रस्त्यावर गाणाऱ्यांच्या ५० वॉटपर्यंत. आणि घेणाऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा एकाच आकड्यावर होतो, तो म्हणजे वॉट.

पण ॲम्प लागतोच कशाला? घरात ब्लूटूथ स्पीकर आहे की!

हा प्रश्न इतक्या जणांना पडतो की आधी तोच संपवू.

इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज जवळपास नसतो. तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते, तिला पिकअप म्हणतात. तार हलली की गुंडाळीत अगदी कमी दाबाची वीज तयार होते. ही वीज नाजूक असते. गिटार ॲम्पचं इनपुट तिच्यावर जवळपास भारच टाकत नाही. ब्लूटूथ स्पीकरचं ऑक्स इनपुट मात्र मोबाइलसाठी बनलेलं असतं. तिथे गिटार थेट लावली तर आवाज येतो, पण कांबळं पांघरून गायल्यासारखा, दबका.

आणि वायरलेस लावायचं म्हटलं तर वेगळीच पंचाईत. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज पोहोचायला साधारण एक-दोन दशांश सेकंद लागतात. गाणं ऐकताना ते कळतही नाही. पण तुम्ही आत्ता तार छेडली आणि सूर नंतर आला, तर हात लगेच अडखळतो. म्हणून बहुतेक छोट्या ॲम्पमध्ये ब्लूटूथ असतं ते मोबाइलवरचा ट्रॅक लावून त्यासोबत वाजवायला. गिटार मात्र वायरनेच जोडायची, किंवा खास गिटारसाठी बनवलेल्या वायरलेसने.

जुन्या पद्धतीचे व्हॉल्व्हवाले ॲम्प बॅटरीवर का चालवत नाहीत, तेही सांगून टाकतो. त्या काचेच्या नळ्यांना आत तार तापवायला सतत वीज लागते आणि वर शेकडो व्होल्टचा दाब लागतो. पेन्सिल सेलचं ते काम नाही. बॅटरीवरच्या ॲम्पची गोष्ट खऱ्या अर्थाने ट्रान्झिस्टर आणि चिप आल्यावरच सुरू होते.

वडापावच्या किमतीची चिप

या छोट्या डब्यांच्या दुनियेत एक चिप फार प्रसिद्ध आहे, एलएम ३८६. आठ पायांची, नखाएवढी. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर ती जेमतेम अर्धा वॉट देते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चक्कर मारली तर अशी चिप वडापावच्या किमतीच्या आसपास मिळून जाते. इंजिनीअरिंगच्या पोरांनी पहिल्या-दुसऱ्या वर्षात ब्रेडबोर्डवर हिच्याशी खेळ केलेला असतो. सिगारेटच्या पाकिटात बसवलेला 'स्मोकी' नावाचा ॲम्प याच चिपवर चालायचा.

आता गंमत बघा. हा अर्ध्या वॉटचा 'स्मोकी' आपल्या चिमुकल्या स्पीकरवर डासासारखा गुणगुणतो. पण तोच बारा इंची स्पीकर असलेल्या मोठ्या कॅबिनेटला जोडला, तर खोलीतले लोक दचकून बघतात. चिप तीच, बॅटरी तीच.

कारण स्पीकर. वीज घेऊन तिचा आवाज करण्यात प्रत्येक स्पीकरची कुवत वेगळी असते. एक वॉट दिल्यावर एक मीटरवरून किती डेसिबल ऐकू येतात, हे त्याचं माप. तीन-चार इंची स्पीकर साधारण ८५ च्या आसपास असतो आणि गिटारचा चांगला बारा इंची स्पीकर शंभराच्या जवळ जातो. हा १५ डेसिबलचा फरक भरून काढायला छोट्या स्पीकरला तीसपट वीज द्यावी लागेल. म्हणजे दुकानात वॉट विचारण्याआधी स्पीकर किती इंची ते विचारा.

छोट्या स्पीकरची दुसरी अडचण खर्जाची. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झवर वाजते. तीन इंची स्पीकर आणि पुस्तकाएवढा डबा तिथपर्यंत नीट उतरूच शकत नाही. तरी आपल्याला सूर कळतो, कारण त्याचे वरचे सूर ऐकून मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. भरलेपणा मात्र येत नाही. हल्लीचे डबे डिजिटल करामती करून तो भास बऱ्यापैकी आणतात. यामाहाने २०११ मध्ये टीएचआर मालिका काढली, तेव्हापासून घरात हळू आवाजातही भरलेला वाटेल असा ॲम्प बनवायची चढाओढ सुरू आहे. ही चढाओढ चांगलीच आहे. दहा वर्षांपूर्वीच्या स्वस्त प्रॅक्टिस ॲम्पपेक्षा आजचे छोटे डबे ऐकायला कितीतरी बरे आहेत.

आठ सेलमध्ये ५० वॉट बसतात कसे?

रोलंडचा क्यूब स्ट्रीट ईएक्स हा रस्त्यावर वाजवणाऱ्यांचा आवडता ॲम्प. आठ पेन्सिल सेलवर ५० वॉट. चार्ज होणारे सेल टाकले तर पूर्ण ताकदीवर सुमारे पाच तास चालतो, असं कंपनी सांगते.

जरा गणित करू. चार्ज होणाऱ्या एका चांगल्या पेन्सिल सेलमध्ये १.२ व्होल्ट आणि २००० मिलिॲम्पिअर-तास, म्हणजे साधारण अडीच वॉट-तास ऊर्जा असते. आठ सेलची मिळून वीस. आणि ५० वॉट सलग पाच तास चालवायचे तर अडीचशे वॉट-तास लागतील. वीस आणि अडीचशे, मेळ कुठे बसतोय?

कंपनी खोटं बोलत नाही. ५० हा आकडा जास्तीत जास्त ताकदीचा आहे. जोरात छेडलेल्या तारेच्या पहिल्या झटक्याला तेवढी ताकद क्षणभर लागते. मग सूर विरतो, मध्ये शांतता येते, तुम्ही दोन गाण्यांमध्ये पाणी पिता. वीस वॉट-तास पाच तासांना वाटले की सरासरी निघते फक्त चार वॉट, आणि त्यातही ॲम्पचं स्वतःचं पोट भरायचं असतं. हे जमतं क्लास-डी नावाच्या तंत्रामुळे. जुन्या धाटणीच्या सर्किटमध्ये बरीचशी वीज उष्णता होऊन वाया जायची, क्लास-डीमध्ये बहुतांश वीज स्पीकरपर्यंत पोहोचते.

खरी मेख पुढे आहे. याच ॲम्पला एक इको मोड आहे. ताकद ५० वरून १० वॉटवर येते आणि सेल पाचऐवजी सुमारे वीस तास टिकतात. ताकद पाचपट कमी, मग आवाजही पाचपट कमी? नाही. आपला कान असा हिशोब करत नाही. आवाज दुप्पट वाटायला वीज साधारण दहापट लागते. त्यामुळे ५० वरून १० वर आल्यावर आवाज निम्मासुद्धा कमी झाल्यासारखा वाटत नाही, आणि वेळ मात्र चौपट मिळतो. कॅफेत, गच्चीवर, गोव्यात एखाद्या शॅकच्या कोपऱ्यात वाजवणाऱ्याने इको मोडच लावून ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच हिशोबाने पाच आणि दहा वॉटच्या डब्यांमध्ये कानाला जाणवणारा फरक किरकोळ आहे, फक्त तीन डेसिबलचा. त्या दुप्पट आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. काही ॲम्प प्लगवर एक आणि बॅटरीवर दुसरीच ताकद देतात. बॉसचा कटाना एअर प्लगवर ३० वॉटचा आहे, बॅटरीवर २० चा. जाहिरातीत मोठा आकडाच ठळक असतो. बॅटरीवरचा आकडा माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरात शोधावा लागतो.

कुठे वाजवणार, त्यावर सगळं ठरतं

वन रूम किचनमध्ये रात्री अकरा वाजता वाजवणार असाल, तर स्पीकरच नको. हेडफोन ॲम्प घ्या. याचा मूळ पुरुष म्हणजे १९८२ चा रॉकमन. 'बॉस्टन' या बँडचा टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला इंजिनीअर, पोलरॉइड कंपनीत नोकरी केलेला. त्याने कमरेला अडकवायचा, थेट हेडफोनमध्ये ऐकायचा डबा काढला. पुढे डेफ लेपर्डच्या 'हिस्टेरिया' या १९८७ च्या तुफान खपलेल्या अल्बमवर तोच भरपूर वापरला गेला. आज व्हॉक्सचा ॲमप्लग किंवा फेंडरचा मस्टँग मायक्रो थेट गिटारमध्येच खोचता येतो. वायर नाही, शेजाऱ्यांची कटकट नाही. नुकतं शिकायला लागलेल्याने पहिला ॲम्प म्हणून हाच घ्यावा.

दिवसा घरात, हॉस्टेलवर, किंवा लोडशेडिंगमध्ये गावाकडच्या ओट्यावर वाजवायचं असेल, तर दोन ते दहा वॉटचा डबा पुरून उरतो. रोलंडचा मायक्रो क्यूब, ब्लॅकस्टारचा फ्लाय ३, बॉसचा कटाना मिनी, पॉझिटिव्ह ग्रिडचा स्पार्क गो, सगळे याच पंगतीतले.

वीस-तीस लोकांसमोर गायचं असेल, तर मात्र माइक लावायला वेगळं इनपुट हवं. इथे एक चूक हमखास होते. इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पचा स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वर गप्प होतो. इलेक्ट्रिक गिटारला ते शोभतं, पण माणसाचा आवाज आणि अकूस्टिक गिटार त्यात कोंदटतात. आपल्याकडे बहुतेकांकडे असते ती अकूस्टिकच. तेव्हा 'अकूस्टिक' किंवा 'स्ट्रीट' प्रकारातला, दोन चॅनेलचा ॲम्प बघा. कहोन घेऊन बसलेल्या मित्रासोबत तो निभावून नेईल. पूर्ण ड्रमसेटपुढे मात्र यातला कुठलाच टिकणार नाही, ड्रमर शंभर डेसिबल सहज ओलांडतो. तिथे ॲम्पमधून वायर काढून मोठ्या साउंड सिस्टीमला द्यायची. त्यासाठी मागे लाइन आउट आहे ना, ते घेतानाच पाहून घ्या.

उघड्यावर अजून एक धक्का बसतो. खोलीत भिंती आवाज परत फेकतात, मैदानात तो निघून जातो. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गेले. घरी कान किटवणारा डबा चौपाटीवर दहा पावलांत लाटांखाली बुडतो. ॲम्प जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेवून थोडा वर तिरका केला, तरी बराच फरक पडतो.

आणि हो, बॅटरीवर आहे म्हणून नियम सुटत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी लाऊडस्पीकर लावायला लेखी परवानगी लागते. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंदच. चौकात वाजवायला बसण्याआधी पोलीस ठाण्यात विचारलेलं बरं.

सेल कुठले टाकायचे?

रिमोटमध्ये टाकतो ते स्वस्तातले झिंक-कार्बन सेल इथे टाकू नका. एका दमात जास्त वीज मागितली की ते मान टाकतात. अल्कलाइन चालतात, पण जोरात वाजवलं तर पटकन बसतात आणि दर आठवड्याला खिसा कापतात. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल यात सगळ्यात परवडतात.

नव्या डब्यांमध्ये आतच लिथियम बॅटरी असते आणि टाइप-सीने चार्ज होते. सोय झकास. पण काहीशे वेळा चार्ज केल्यावर ती बॅटरी दमायला लागते, आणि बदलता येत नसेल तर चांगला ॲम्प वायरला बांधला जातो. आत सुटे सेल घालायचा जुना प्रकार म्हणून मला अजून आवडतो. गाडी फाट्यावर थांबली तरी टपरीवर सेल मिळतात.

विमानाने जाताना लिथियमवाला डबा हातातल्या बॅगेत ठेवा. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा परवानगी लागत नाही आणि हे डबे त्याच्या बरेच खाली असतात. अल्कलाइनवाला डबा महिनाभर वापरणार नसाल, तर सेल काढून ठेवा. ते आतल्या आत पाझरतात आणि स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर चढतो. चढलाच, तर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसायचा आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल टाकायचे.