एकाच नावाची तीन उपनगरे

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन कथा-कादंबऱ्यांच्या अभ्यासकाला तिथले उपनगर चांगले परिचयाचे असते. घरापुढचा हिरवळीचा चौकोन, दारात मोटार, संध्याकाळच्या गाडीने शहरातून परतणारा नवरा आणि या सुबत्तेच्या तळाशी साचलेला एकाकीपणा. रिचर्ड येट्सची ‘रेव्होल्यूशनरी रोड’ (१९६१) ही कादंबरी घ्यावी, किंवा शेजाऱ्यांच्या परसातले तलाव एकामागून एक पोहत घर गाठू पाहणाऱ्या माणसाची जॉन चीव्हरची ‘द स्विमर’ (१९६४) ही कथा घ्यावी. त्यातल्या एकाकीपणाची चिकित्सा समीक्षेने पुष्कळ केली आहे. पण या घरांतून वावरणारी माणसे जवळजवळ सगळी गोरीच का, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला. त्याचे उत्तर कथेत सापडत नाही. ते खरेदीखतांत, कर्जाच्या नियमांत आणि न्यायालयांच्या निकालपत्रांत आहे. म्हणून एकाच बांधकाम-कंपनीने एकाच नावाने वसवलेल्या तीन उपनगरांचा इतिहास आम्ही येथे एकत्र वाचू इच्छितो.

त्याआधी शब्दाविषयी थोडे. ‘उपनगर’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मुंबईची अंधेरी-बोरिवली उभी राहते. अमेरिकन उपनगराचा कारभार मात्र बहुधा मूळ शहराहून वेगळा असतो. शाळा त्याची स्वतःची आणि त्या शाळांचा मोठा आधार म्हणजे तिथल्याच घरांवरचा कर. त्यामुळे तिथे घर मिळणे वा न मिळणे हा केवळ निवाऱ्याचा प्रश्न राहत नाही. पुढच्या पिढीचे शिक्षण आणि कुटुंबाची मालमत्ता या दोहोंचा तो प्रश्न होतो.

गोऱ्यांनी गोऱ्यांजवळ राहणे पसंत केले, इतकेच या विभागणीचे कारण असते तर तिला एवढा कागद लागला नसता. वर्णानुसार मोहल्ले ठरवणारे शहरी नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली ‘ब्युकॅनन विरुद्ध वॉर्ली’ या खटल्यात रद्द केले. मग तेच काम खासगी करारांकडे आले. हे घर कृष्णवर्णीयाला विकणार नाही, असे शेजारी-शेजारी आपसात लिहून देऊ लागले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने गृहकर्जांना सरकारी हमी देऊन सामान्य माणसाला घर आवाक्यात आणले. पण याच संस्थेच्या नियमपुस्तिकेने मिश्र वस्ती हा कर्जाचा धोका मानला आणि अशा करारांची शिफारस केली. शेजाऱ्याच्या मनातला आकस अशा रीतीने सरकारी अर्थव्यवहाराचा निकष झाला. १९४८ साली ‘शेली विरुद्ध क्रेमर’ या खटल्यात न्यायालयाने ठरवले की असे करार न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत. नऊपैकी तीन न्यायमूर्ती या खटल्यापासून दूर राहिले. कारण त्यांनी सांगितले नाही. निकाल सहा विरुद्ध शून्य असा लागला. करार करणे मात्र बेकायदा ठरले नाही; त्यामागचे न्यायालयाचे बळ तेवढे गेले.

पहिले लेव्हिटाउन न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून उभे राहू लागले. बटाट्याच्या शेतांवर लेव्हिट अँड सन्स या कंपनीने एकसारखी सतरा हजारांहून अधिक घरे बांधली, तीही कारखान्यात मोटारी जोडाव्यात त्या वेगाने. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना ती परवडत होती, कारण कर्जामागे सरकार उभे होते. सुरुवातीच्या भाडेकरारात अट होती की ‘कॉकेशियन’ वंशाखेरीज कोणालाही या घरात राहू देऊ नये. अपवाद घरकामाच्या नोकरांचा. या अपवादातच त्या अटीचा सारा अर्थ आहे. आक्षेप कृष्णवर्णीयाच्या सहवासाला नव्हता. त्याच्या बरोबरीच्या शेजाराला होता. कंपनीचा प्रमुख विल्यम लेव्हिट स्वतः ज्यू होता. त्याचे जाहीर म्हणणे असे की घरटंचाई सोडवावी किंवा वर्णाचा प्रश्न सोडवावा, दोन्ही एकदम जमणार नाहीत. १९४८ नंतर करारातली अट गेली, पण विक्रीची रीत तीच राहिली.

‘कॉकेशियन’ या शब्दाशी भारतीयांचाही संबंध आला होता. आपण कॉकेशियन आहोत, म्हणून गोरे आहोत आणि म्हणून नागरिकत्वास पात्र आहोत, असा दावा भगतसिंग थिंद यांनी केला होता. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळताना वंशशास्त्र बाजूला ठेवले आणि सामान्य माणूस ‘गोरा’ कोणाला म्हणतो ते प्रमाण मानले. शास्त्राने आत घेतलेल्याला व्यवहार बाहेर ठेवू शकतो, हे या निकालाने सांगितले. हा धागा आपल्याला शेवटी पुन्हा लागेल.

दुसरे लेव्हिटाउन पेनसिल्व्हेनियात, १९५२ पासूनचे. तिथे ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय दांपत्य मुलांसह राहायला आले. विल्यम महायुद्धातला सैनिक. लेव्हिटाउन ज्यांच्यासाठी बांधले असे सांगितले जाई, त्यांच्यातलाच एक. घर त्यांनी कंपनीकडून नव्हे, आधीच्या मालकाकडून घेतले होते. ते आल्याचे कळताच घरापुढे जमाव जमला, दगड आले, काचा फुटल्या. हा प्रकार काही आठवडे चालला. शेजारच्या रिकाम्या घरात विरोधकांनी ठाण मांडले आणि दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांचा झेंडा लावला. परिसरात क्रूस जाळले गेले. त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वेक्सलर या ज्यू शेजाऱ्यांनाही त्याची झळ लागली. अखेर राज्य सरकारने न्यायालयातून मनाईहुकूम मिळवला. मायर्स कुटुंब तिथे सुमारे चार वर्षे राहिले. डेझी मायर्स यांच्या आठवणी २००५ मध्ये पुस्तकरूपाने आल्या.

या घटनेनंतर दोन वर्षांच्या आत लोरेन हॅन्सबेरीचे ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक (१९५९) ब्रॉडवेवर आले. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेले, तिथे रंगमंचित झालेले ते पहिले नाटक. शिकागोतले एक कृष्णवर्णीय कुटुंब गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते आणि वस्तीचा प्रतिनिधी येऊन ‘येऊ नका, त्यासाठी पैसे देतो’ असे सांगतो. हा लिंडनर आरडाओरडा करत नाही, दगड उचलत नाही. तो अतिशय सभ्य आहे आणि आपल्याला वाटते की नाटकाची खरी धार त्या सभ्यतेतच आहे. लेखिकेच्या वडिलांनी १९३७ मध्ये शिकागोत असेच घर घेतले होते. त्यावरचा ‘हॅन्सबेरी विरुद्ध ली’ हा खटला १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने लागला, पण कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर. वर्णभेदी कराराच्या वैधतेला न्यायालयाने हात लावला नाही. हे नाटक केवळ कुटुंबाच्या स्वाभिमानाची गोष्ट म्हणून शिकवले जाते तेव्हा त्यामागचा हा कायद्याचा इतिहास हरवतो. शिकागोतली ही वस्ती शहराच्या हद्दीतली होती, पण लिंडनरची भाषा उपनगराचीच आहे.

तिसरे लेव्हिटाउन न्यू जर्सीचे. १९५८ मध्ये तिथे पहिली कुटुंबे आली, आणि समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गान्स त्यांच्यातच राहायला गेले. त्यांचा ‘द लेव्हिटाउनर्स’ (१९६७) हा ग्रंथ त्या वास्तव्यातून आला. येथेही लेव्हिटने कृष्णवर्णीयांना घर न विकण्याचे जाहीर केले. पण सरकारी मदतीच्या घरांत भेदभाव करण्यास न्यू जर्सीत कायद्याने मनाई होती. ज्या सरकारी हमीने आजवर कुंपण घातले होते, तीच आता कुंपण काढण्याचे साधन झाली. कंपनी न्यायालयात हरली आणि १९६० मध्ये पहिली कृष्णवर्णीय कुटुंबे फारसा गाजावाजा न होता राहायला आली. पुढे १९६३ मध्ये गावाने आपले जुने नाव, विलिंगबरो, परत घेतले.

तीन उपनगरांपैकी या एकाने खऱ्या अर्थाने दार उघडले, आणि म्हणूनच खरी कसोटी त्याच्याच वाट्याला आली. १९७० मध्ये गावात गोऱ्यांखेरीज इतरांचे प्रमाण सुमारे बारा टक्के होते. १९७३ पर्यंत ते अठरा टक्क्यांवर गेले. गोरे रहिवासी घाबरून घरे विकतील आणि ‘विकणे आहे’च्या पाट्या पाहून ती भीती पसरत जाईल, या चिंतेने नगरपालिकेने १९७४ मध्ये अशा पाट्यांवरच बंदी घातली. हेतू मिश्र वस्ती टिकवण्याचा होता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून रद्द केली. निकाल लिहिला थरगुड मार्शल यांनी. १९४८ मध्ये शेली खटल्याच्या जोडीने ऐकल्या गेलेल्या डेट्रॉइटच्या खटल्यात कृष्णवर्णीय घरमालकाची बाजू मांडणारे वकील हेच मार्शल. मिश्र वस्तीचे ध्येय महत्त्वाचे आहे हे मान्य करूनच त्यांनी लिहिले की लोकांना माहिती मिळू न देणे हा त्याचा मार्ग नव्हे. आयुष्यभर ज्या ध्येयासाठी झगडले, त्याच ध्येयाच्या नावाने केलेला नियम त्यांना मोडावा लागला. या इतिहासातला हा सर्वांत विचारात पाडणारा क्षण आहे, असे आम्हांला वाटते.

पुढे विलिंगबरोत कृष्णवर्णीयांचे बहुमत झाले. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाची लेव्हिटाउने मात्र बहुसंख्येने गोरीच राहिली. कायदा माणसाला आत येऊ देऊ शकतो, आधीच्याला थांबवून ठेवू शकत नाही. शिरगणतीच्या एखाद्या वर्षी वस्ती ‘वैविध्यपूर्ण’ दिसते तेव्हा ते सहजीवन असेल, किंवा एकांच्या येण्याला आणि दुसऱ्यांच्या जाण्याला लागणारा निव्वळ मधला काळ असेल. आकडा या दोहोंत फरक करत नाही; तो वाचणाऱ्यालाच करावा लागतो.

आता मघाचा धागा. १९६५ च्या कायद्याने स्थलांतराचे वंशाधिष्ठित कोटे संपवले. ११ एप्रिल १९६८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, घरांच्या व्यवहारातील भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला. भारतीय डॉक्टर आणि इंजिनिअर मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले ते यानंतर. मराठी कुटुंबेही त्यांतच. एडिसनसारख्या न्यू जर्सीच्या उपनगरात २०१० च्या शिरगणतीत आशियाई लोक सुमारे त्रेचाळीस टक्के होते. या यशाची कथा आपल्याकडे शिक्षण आणि कष्ट या दोन शब्दांत सांगितली जाते. ते दोन्ही खरे आहेत. पण मायर्स दांपत्यापाशीही ते होते. उणीव होती ती उघड्या दाराची; आणि ते दार ज्यांनी उघडले त्यांचा आपल्या कथेत क्वचितच उल्लेख येतो.

ते दार पुरते उघडलेले आहे असेही नाही. १९८७ मध्ये न्यू जर्सीच्याच जर्सी सिटीत भारतीयांवर हल्ले करणाऱ्या टोळीने आपले नाव कपाळावरच्या कुंकवावरून घेतले होते, ‘डॉटबस्टर्स’. २०१९ मध्ये ‘न्यूजडे’ या वृत्तपत्राने, जिथे पहिले लेव्हिटाउन उभे राहिले त्याच लाँग आयलंडवर, घेतलेल्या घरांच्या दलालांच्या गुप्त चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कृष्णवर्णीय ग्राहकांना एकोणपन्नास टक्के, हिस्पॅनिकांना एकोणचाळीस टक्के आणि आशियाईंना एकोणीस टक्के चाचण्यांत असमान वागणूक मिळाल्याचे तिला आढळले. लिंडनर अजून सभ्यच आहे. फक्त तो आता पैसे देऊ करत नाही, दुसऱ्या गल्लीतली घरे दाखवतो. एकोणपन्नास आणि एकोणीस यांतल्या अंतराने सुखावायचे, की दोन्ही आकडे एकाच कागदावर आहेत हे ध्यानात ठेवायचे, याचा निर्णय त्या एकोणीस टक्क्यांत मोडणाऱ्या आपल्या माणसांनी करायचा आहे.